माहितीसाठी सादर

साहेबांच्या सहीखालचा कागद मी बावीस वर्षं धरला. आधी ते वकील होते, मग दहा वर्षं या शहराचे महापौर, आणि शेवटी अंगावर काळा झगा चढवून न्यायाधीश. त्यांचा चष्मा घरात कुठे पडलेला असतो ते त्यांच्या बायकोला ठाऊक असेल. पण त्यांची सही कशाकशावर पडलेली आहे हे एकट्या मला ठाऊक होतं.

साहेब वाईट नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचल्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. औषधांच्या दुकानावरच्या एका खोलीत त्यांनी वकिली सुरू केली तेव्हा टाइपरायटर उसना आणला होता आणि टायपिस्ट म्हणून मला ठेवलं होतं. वरच्या वस्तीत नळ त्यांच्यामुळे आले. रस्त्यावरचे दिवे त्यांच्यामुळे लागले. कोणाचा एक पेढासुद्धा त्यांनी फुकट खाल्ला नाही. बोलायला उभे राहिले की समोरचा माणूस आपलं भांडण विसरून यांच्याकडेच बघत बसायचा. आणि उद्घाटनांची भारी हौस. महिन्याला चार फिती कापायचे, म्हणून आम्ही कचेरीतली माणसं मागे त्यांना कात्रीसाहेब म्हणायचो.

फक्त वाचायचे नाहीत. वाचनाचा त्यांना मनापासून कंटाळा होता आणि त्याचं त्यांनी तत्त्वज्ञान करून ठेवलं होतं. "मी माणसं वाचतो, बाई," ते म्हणायचे, "कागद तुम्ही वाचा." मला तेव्हा हे फार मोठं वाटायचं. मी मूर्ख होते असं नाही, पण कोणी आपल्यावर इतका भरवसा टाकला की डोकं जरा कमी चालतं.

सह्यांसाठी मी जिना करायचे. म्हणजे चाळीसेक कागद एकावर एक असे ठेवायचे की प्रत्येकाचा खालचा दोन बोटं भाग तेवढा दिसावा, जिथे सही करायची तो. साहेब एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने पायरी पायरी सह्या करत खाली यायचे. शेवटच्या पायरीपर्यंत फोनवरचं बोलणंही संपलेलं असायचं. वर काय लिहिलंय हे मी पाहिलेलं आहे, हे त्यांनी गृहीत धरलेलं. आणि मी पाहायचे, बहुतेक वेळा.

आता कावळ्याबद्दल सांगते. हा आमचा इमारत तपासनीस. काटकुळा, खांद्यात वाकलेला, बाराही महिने अंगात तोच काळा कोट. दर महिन्याला याचा अहवाल यायचा आणि प्रत्येक अहवालात काहीतरी पडणार असायचं. शाळेचा जिना पडणार, वाचनालयाचा सज्जा पडणार, बागेतलं कारंजंसुद्धा पडणार. याचं सगळं ऐकलं असतं तर शहराला कुलूप लावून आम्हाला शेतात राहायला जावं लागलं असतं. त्यात त्याचं टायपिंग भयंकर. समास सोडायचा नाही, ओळी कडेपर्यंत ओढायच्या, खोडलेल्या अक्षरांवर पुन्हा अक्षरं ठोकायची. मला ते पान बघवायचं नाही. त्याचे अहवाल मी एका वेगळ्या फायलीत टाकायचे आणि त्या फायलीवर निळ्या पेन्सिलीने मीच लिहिलं होतं: कावळा. विषयवार लावायला हवे होते हे मान्य. पण कचेरीत सगळे त्याला कावळाच म्हणायचे, आणि शोधायची वेळ आली तर मला सापडण्याशी कारण.

त्या वर्षी तो आला तो तरणतलावाचं घेऊन. आमचा तलाव छपराखालचा, गरम पाण्याचा, शहराचा अभिमान. तपासनीसाने खिशातून पाकीट काढलं आणि माझ्या टेबलावर उपडं केलं. तपकिरी पापुद्रे पडले.

"हे छत आहे, ताई," तो म्हणाला.

मी कागदावरून ते झटकले, कारण खाली स्वच्छ टाइप केलेलं पत्र होतं. तो सांगत होता की तलावावरचं छत लोखंडी गजांनी वरच्या तुळयांना टांगलेलं आहे, पाण्यातल्या औषधाची वाफ वर जाऊन गज आतून खाते, खालून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. तो स्वतः वर सरपटत गेला होता. चौसष्टपैकी अकरा गज हाताने हलवल्यावर निघून आले. त्याला महापौरांना भेटायचं होतं, स्वतः सांगायचं होतं. तलाव बंद करा, एवढंच म्हणायचं होतं.

साहेबांकडे त्या आठवड्यात बाहेरगावचे पाहुणे होते आणि त्यांना दाखवायला तोच तलाव होता. मी वेळ दिली नाही. तो म्हणाला, मी थांबतो. आणि थांबला. बोळातल्या बाकावर तीन दिवस, सकाळी दहा ते पाच, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन. येणारे जाणारे हसायचे. शिपाई विचारायचा, काय हो, आज बाक पडणार का? चौथ्या दिवशी मला राहवेना. दया आली की वैताग आला ते आजही नक्की सांगता येत नाही. मी म्हटलं, "आणा इकडे तो अहवाल. मी सही घेऊन देते."

एका माळ्याच्या रजेचा अर्ज आणि एक निमंत्रणपत्र यांच्यामध्ये मी तो जिन्यात घातला. पहिलं पान मी वाचलं होतं. उरलेली चार पानं त्याच्या त्या टायपिंगमुळे वाचून झाली नाहीत. वर माझ्याच हाताने लिहिलं, 'माहितीसाठी सादर'. साहेब फोनवर कोणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होते. सही झाली. मी 'पाहिले' असा शिक्का मारला, तारीख घातली आणि काउंटरवरून तपासनीसाला पान दाखवलं.

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. इतक्या वर्षांत त्याचा एकही अहवाल सहीपर्यंत गेला नव्हता.

"वाचलं त्यांनी?" त्याने विचारलं.

"सही दिसत नाही का?" मी म्हटलं.

हे मी खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं. तो घरी गेला. पुढे दोनदा बोळात भेटला तेव्हा त्याने विचारलं, आणि मी म्हटलं, वर गेलंय, विचार चाललाय. फाइल माझ्या कपाटात होती.

सहा महिन्यांनी साहेबांची न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. जुन्या वकिलांमधून काही जणांना घेण्याची सोय होती. साहेबांच्या नावाला कोणी हरकत घेतली नाही. आपल्याबरोबर ते मला घेऊन गेले. "बाईंशिवाय माझं पान हलत नाही," असं त्यांनी निरोपसमारंभात सगळ्यांसमोर सांगितलं आणि मी घरी येऊन आमच्या ह्यांना ते तीनदा ऐकवलं. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्यावरचं भिंग न काढता ते म्हणाले, "पान त्यांचं, हलवतेस तू, आणि नाव त्यांचं." मी रागावले.

त्यानंतर आठ महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी छत खाली आलं. म्हाताऱ्या माणसांचा पाण्यातल्या व्यायामाचा तास चालू होता. नऊ जण गेले. गुडघ्यासाठी आमच्या ह्यांनाही डॉक्टरांनी तोच तास सांगितला होता, पण आळसामुळे ते एकदाही गेले नव्हते. बातमी कळली तेव्हा ह्यांचा विचारही माझ्या मनात आला नाही. मला ते तपकिरी पापुद्रे आठवले.

अशा वेळी दोष द्यायला कोणीतरी लागतो. शहर अभियंत्याने कानावर हात ठेवले, आपल्याकडे असा कागद आलाच नाही म्हणाला. तपासनीसाची बसायची जागा तलावाच्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती, त्याची स्वतःची प्रत तिथल्या टेबलात होती आणि तो मजला छतापाठोपाठ पाण्यात गेला होता. त्याच्या वकिलाने महापौर कचेरीकडे मागणी केली, तर उत्तर आलं की 'तरणतलाव' या विषयाखाली असा कोणताही अहवाल दप्तरात नाही. बरोबरच होतं. तो 'कावळा' या विषयाखाली होता. काम न केल्यामुळे नऊ माणसं मेली, असा खटला तपासनीसावर उभा राहिला आणि तो आमच्या कोर्टात आला, कारण दुसऱ्या न्यायाधीशांची सख्खी मावशी त्या नऊ जणांत होती.

पहिल्याच दिवशी तपासनीसाच्या वकिलाने हरकत घेतली. हा तरुण पोरगा होता, पण धीट. म्हणाला, त्या काळात महापौर आपणच होता, आपण हा खटला ऐकू नये. साहेब शांतपणे म्हणाले, "माझ्यापुढे असा अहवाल कधीही आला नाही. आला असेल तर माझी सही असलेला कागद दाखवा. मी याच क्षणी या खुर्चीवरून उठतो."

ते खोटं बोलत नव्हते. बावीस वर्षं ओळखत होते मी त्यांना, खोटं बोलताना ते चष्मा पुसतात. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. पिंजऱ्यातला माणूस धडधडीत खोटं बोलतोय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आणि तपासनीस त्यांच्याकडे असा बघत होता, जसा कोणी ओळख विसरलेल्या नातेवाइकाकडे बघतो. यांनी वाचलंय, सही केलीय, आता बोलत का नाहीत, हे त्याला कळत नव्हतं. दोघंही खरे होते. मधे मी बसले होते, बोटं टाइपरायटरवर ठेवून.

तपासनीसाची बायको एका रविवारी दुपारी आमच्या घरी आली. आत आली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली. "ताई, हे म्हणतात, सही तुम्ही दाखवली होती," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल ना?" मी म्हटलं, बघते. ती निघून गेल्यावर हे म्हणाले, "आता बघायचं काय राहिलंय?" मी भांडी घासायला घेतली.

सोमवारी मी महापौर कचेरीच्या तळघरात गेले. दप्तर सांभाळणारा जुन्या ओळखीचा, त्याने विचारलंही नाही. माझं जुनं कपाट तिथे उतरवलेलं होतं, फाइल त्यातच होती. एकतीस अहवाल, वरून सातवा तो. सही, शिक्का, तारीख, आणि माझ्या अक्षरात 'माहितीसाठी सादर'. उभ्या उभ्या मी पाचही पानं वाचली. शेवटच्या पानावर त्याने लिहिलं होतं की हे छत दीड वर्षाच्या आत पडेल, आणि दिवसा पडलं तर माणसांवर पडेल.

तो कागद घेऊन मी त्या तरुण वकिलाकडे जायला हवं होतं. कोणीही गेलं असतं. पण मी बावीस वर्षं एकच गोष्ट शिकले होते, कागद आधी साहेबांकडे न्यायचा. त्यांनी भर कोर्टात शब्द दिला होता. आणि मला वाटलं, त्यांना वकिलाकडून कळणं बरं नाही, घरच्या माणसाकडून कळू दे. प्रतसुद्धा काढली नाही. साहेबांपुढे ठेवायच्या कागदाची प्रत आपल्याजवळ ठेवणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास, असं मला वाटलं. आता हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

चेंबरमध्ये ते एकटेच होते. मी कागद समोर ठेवला, या वेळी जिना नाही, पूर्ण उघडा. त्यांनी सही बघितली आणि चष्मा काढून परत लावला. मग वाचायला सुरुवात केली. मी उभीच होते. साहेबांना सलग पाच पानं वाचताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ओळीवर बोट ठेवून वाचत होते. पाऊण तास लागला. शिपाई दोनदा डोकावून गेला.

"प्रत आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कोणाला दाखवलात?"

"कोणालाच नाही, साहेब."

त्यांनी पाचही पानं जुळवून टेबलावर सरळ ठेवली. मला त्यांची कीव आली, खरंच आली. एवढा मोठा माणूस, आणि आता त्याला बाहेर जाऊन सगळ्यांसमोर खुर्चीवरून उठावं लागणार. मी म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे. मी तसं सांगेन."

"सही घेतली कोणी? तुम्ही."

"हो."

"वर लिहिलंय कोणी, माहितीसाठी म्हणून? तुम्ही." त्यांचा आवाज अगदी मायेचा होता. "मग बाई, मी खुर्चीवरून उठलो की त्या पिंजऱ्यात कोण उभं राहील याचा विचार केलात का? मला नाही बघवणार ते. तुमच्या यजमानांचा गुडघा कसा आहे आता?"

"बरा आहे," मी म्हटलं.

"ठेवून जा हे. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते कोर्टात येऊन बसले. मी त्यांच्याकडे बघत होते. आता उठतील, मग वाटलं दुपारनंतर उठतील, मग वाटलं आठवडा संपला की. ते उठले नाहीत. सरकारी वकिलाला म्हणाले, पुढचा साक्षीदार बोलवा.

बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. आमच्याकडे साक्षीदार बोलतो ते जसंच्या तसं लिहिलं जात नाही. तो बोलतो, न्यायाधीश ऐकतात, मग आपल्या शब्दांत टायपिस्टला सांगतात आणि तेच कागदावर येतं. ही पद्धत माझ्या आधीपासूनची आहे आणि वेळ वाचवायला चांगली आहे. तपासनीस पिंजऱ्यातून म्हणाला, "मी तीन दिवस बाकावर बसून राहिलो, चौथ्या दिवशी मला महापौरांची सही दाखवली, ती मी डोळ्यांनी बघितली." साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा. आरोपीचे म्हणणे की त्याने कचेरीत काही वेळा चकरा मारल्या." मी लिहिलं. तो म्हणाला, "सही दाखवणाऱ्या बाई इथेच बसल्या आहेत." साहेब म्हणाले, "लिहा. आरोपी पुराव्याचा तपशील देऊ शकत नाही." मी तेही लिहिलं. बोटं आपोआप चालतात.

वकिलाने मला साक्षीदार म्हणून बोलवायचा अर्ज दिला. साहेबांनी तो फेटाळला, कोर्टाच्या कर्मचाऱ्याला कोर्टातच साक्षीला ओढणं शिस्तीला धरून नाही म्हणाले. त्या आठवड्यात माझ्या खुर्चीवर नवी गादी आली. मला बढती मिळणार असल्याचं शिपायाकडून कळलं. साहेब रोज सकाळी ह्यांच्या गुडघ्याची चौकशी करायला लागले, न चुकता, आणि मला त्या चौकशीची इतकी भीती बसली की त्यांची पावलं वाजताच, ते विचारायच्या आधीच, मी 'बरा आहे' म्हणून टाकायचे. एकदा धीर करून मी पुन्हा तळघरात गेले. कपाट रिकामं होतं. दप्तरवाला म्हणाला, वरून सांगणं आलं, जुनी रद्दी काढा म्हणून.

निकाल एका गुरुवारी होता. आमच्याकडे निकालही भर कोर्टातच तोंडी सांगतात आणि टायपिस्टने तो तिथल्या तिथे उतरवायचा असतो. खोली भरलेली होती. गेलेल्यांच्या घरचे एका बाजूला बसले होते, तपासनीसाची बायको दुसऱ्या बाजूला एकटीच. साहेब सुंदर बोलत होते. नऊ जणांची नावं त्यांनी कागदाकडे न बघता सांगितली, प्रत्येकाचं वय, प्रत्येकाच्या मागे कोण आहे ते. बायका रडायला लागल्या. मग ते म्हणाले, "आरोपीने धोक्याचा कोणताही अहवाल कोणत्याही अधिकाऱ्यापुढे ठेवल्याचा लेखी पुरावा या न्यायालयाने पाहिलेला नाही."

'पाहिलेला' या शब्दावर माझी बोटं थांबली.

टाइपरायटरचा आवाज थांबला की खोलीत काय शांतता होते ते मला माहीत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबांनी ते वाक्य पुन्हा सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. मी उठून उभी राहिले.

"पाहिलाय, साहेब. अहवाल होता. तुमची सही होती. ती मी घेतली, पुरतं न वाचता घेतली, तुम्हीही न वाचता दिली. यांना मी सही दाखवली आणि तुम्ही वाचलंय असं भासवलं. तो कागद मी मागच्या महिन्यात तुमच्या टेबलावर ठेवला, तेव्हा तुम्ही तो पाऊण तास वाचलात."

साहेबांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी चष्मा काढला आणि झग्याच्या टोकाने पुसला.

"बाईंना बरं वाटत नाहीये," ते म्हणाले. "पाणी द्या त्यांना. दुसऱ्या टायपिस्टला बोलवा."

तरुण वकील ताडकन उभा राहिला. "हे विधान नोंदवून घ्यावं, अशी माझी विनंती आहे."

"काय नोंदवायचं ते न्यायालय ठरवतं. बसा."

शिपायाने माझा दंड धरून मला बाजूला नेलं. दुसरी टायपिस्ट आली, माझ्या खुर्चीवर बसली, कागद सरळ केला. साहेब तिच्याकडे वळले. "लिहा. टंकलेखिकेची प्रकृती बिघडल्याने कामकाज दहा मिनिटे थांबले." तिने लिहिलं. मग त्यांनी ते वाक्य तिसऱ्यांदा सांगितलं, आणि तेही तिने लिहिलं. सात वर्षांची शिक्षा झाली.

बोळात वकील मला गाठायला धावत आला. वरच्या कोर्टात जाऊ, तुम्ही शपथपत्र द्या, म्हणाला. मी देईन म्हटलं, आणि दिलंही. पण त्याचं तोंड तेव्हाच उतरलेलं होतं. त्या दिवशीच्या कोर्टाच्या नोंदीत काय लिहिलंय, एवढंच वरचं कोर्ट बघणार होतं, आणि त्या नोंदीत माझी प्रकृती बिघडली होती.

मागच्या दाराने पोलीस तपासनीसाला घेऊन आले. माझ्यासमोर तो थांबला. पोलिसानेही थांबू दिलं. मला वाटलं, आता हा निदान म्हणेल की उशिरा का होईना, बोललात. मी त्याचीच वाट बघत होते, हे कबूल करायला लाज वाटते. त्याच्या तोंडावर राग नव्हता. तो काहीतरी मनात लावून बघत होता, आकडा जमत नसला की माणूस बघतो तसा.

"न वाचता केली होती सही," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"मला वाटलं, वाचलंय. म्हणून घरी गेलो मी. बाकावर अजून बसलो असतो, ताई. मला काही घाई नव्हती."

पोलिसाने त्याच्या कोपराला हात लावला आणि ते दोघं जिना उतरायला लागले. त्याची बायको माझ्याजवळून त्यांच्या मागे गेली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.